बाद म्हणजे बाद!

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मात्र खरंखरं द्यायचं हं! संध्याकाळी मैदानावर दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि गडी वाटून घेतात. "हा माझा", "ती माझी" असं चालतं. रांग कमी कमी होत जाते. तर सगळ्यांत शेवटी कोण उरतं? आणि तो उरलेला गडी घेताना कॅप्टनचं तोंड कसं होतं?

तुम्हाला लगेच कुणीतरी आठवलं असेल. लहानपणी मी स्वतः बहुतेक वेळा शेवटून दुसरी असायचे, त्यामुळे ती रांग मला चांगली ठाऊक आहे. आज अशाच एका शेवटच्या गड्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव सांगणार नाही. मासिक असो की साप्ताहिक, आपलं नाव छापून आलेलं त्याला खपणार नाही. आपण त्याला 'आमचा गडी' म्हणू.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. मैदान भलं मोठं आणि एका कडेला कडुनिंबाचं जुनं झाड. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. आमचा गडी त्याच वर्गात. तो फार कमी बोलायचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही. शाळेची घंटा झाली की दोन्ही कानांवर हात. आनंद झाला की हात पाखराच्या पंखांसारखे फडफडवायचा. गणिताच्या तासाला अचानक परिसर अभ्यास घेतला, तर त्याला रडू फुटायचं. आणि वर्गातल्या पस्तीसच्या पस्तीस मुलांचे हजेरी क्रमांक त्याला तोंडपाठ होते. मी विसरले की त्यालाच विचारायचे.

अशा मुलांच्या वेगळेपणाला 'स्वमग्नता' म्हणतात. इंग्रजीत ऑटिझम. हा आजार नव्हे बरं का! ताप येतो तसा तो येत नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि आईबापांनी लाड केले किंवा केले नाहीत म्हणूनही होत नाही. अशा मुलाचा मेंदू जन्मापासूनच आवाज, स्पर्श, माणसांचे चेहरे हे सगळं थोडं निराळ्या पद्धतीने टिपतो. कुणाला बोलायला जड जातं, कुणी भराभरा बोलतो पण समोरच्याचं ऐकून घेणं जमत नाही. दोन स्वमग्न मुलं एकसारखी नसतात, जशी तुम्ही आणि तुमचा शेजारी एकसारखे नाही.

आता माझी चूक सांगते.

चपलांचा राखणदार

आमच्याकडे खो-खो अनवाणी खेळतात. खेळाच्या तासाला कडुनिंबाखाली चपलांचा ढीग पडायचा. एकदा एक कुत्रं एक चप्पल घेऊन पळालं. मग मी आमच्या गड्याला काम दिलं, चपला राखायचं! तो गोंगाटापासून लांब सावलीत बसेल, कुणाशी भांडण होणार नाही, रडारड होणार नाही. मीही निर्धास्त. दोन महिने असे गेले.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका अधूनमधून शाळांना भेट देतात. त्या आल्या तेव्हा मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "बघा, त्यालाही खेळाच्या तासात काम दिलंय आम्ही." त्या काही बोलल्या नाहीत. चपलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, हे आठ जोड वेगळे का लावलेत हो त्याने?"

मी बघितलं. सगळ्या चपला भिंतीकडेला लावलेल्या होत्या. पण आठ जोड मधोमध, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. पहिल्या जोडाचं तोंड शाळेकडे, दुसऱ्याचं रस्त्याकडे, तिसऱ्याचं पुन्हा शाळेकडे. दोन टोकांना दोन दगड उभे केलेले.

तुम्ही ओळखलं असेलच. तो खो-खोचा संघ होता! आठ गडी पाटीवर बसलेले, दोन बाजूंना दोन खांब. नववा गडी तो स्वतः. आम्ही मैदानावर खेळत होतो आणि तो चपलांना खो देत होता. दोन महिने. मी त्याची बाई, आणि मला दिसलं नाही.

डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

कच्चं लिंबू

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "आजपासून हा खेळणार." मुलांनी नाकं मुरडली. "बाई, नको ना, आम्ही हरू!" कॅप्टन मुलगी मोठी समजूतदार. ती म्हणाली, "चालेल बाई, आपण त्याला कच्चं लिंबू करू."

कच्चं लिंबू ठाऊक नसलेलं पोर महाराष्ट्रात सापडायचं नाही. धाकटं भावंड खेळायचा हट्ट करतं, त्याला घ्यावं तर लागतं, मग ते कच्चं लिंबू. त्याने पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला हात लागला तरी ते बाद नाही. मला ही कल्पना फार आवडली. सगळ्यांचीच सोय.

डाव सुरू झाला. आमचा गडी पळणाऱ्यांत. आणि काय पळाला म्हणून सांगू! बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी जात होता, कोण कुठे तोंड करून बसलाय हे त्याला न बघता कळत होतं. शेवटी एकाचा हात त्याच्या दंडाला लागला. तो थांबला आणि बाहेर चालू लागला. मुलं ओरडली, "अरे जा ना परत! तू बाद नाहीस! तू कच्चं लिंबू!"

तो लाल झाला. कानांवर हात ठेवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागला, "हात लागला. बाद म्हणजे बाद. बाद म्हणजे बाद." कुणी त्याला परत मैदानात ढकललं, तसा तो खाली बसला आणि कपाळ मातीवर आपटू लागला. मी धावत गेले, खेळ थांबवला. त्या दिवशी त्याला शांत व्हायला अर्धा तास लागला.

रात्री मला झोप येईना. त्याला दया नको होती. त्याला नियम हवा होता, जो बाकीच्या चौतीस जणांना आहे तोच.

एका बहिणीची गोष्ट

हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका बाईंना फार पूर्वी पडला होता. त्यांचं नाव युनिस केनेडी श्रायव्हर. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची ही बहीण. त्यांची मोठी बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती, म्हणजे तिला शिकायला, समजायला इतरांपेक्षा वेळ लागे. पूर्वी आपल्याकडे अशा मुलांना 'मतिमंद' म्हणत. आता तो शब्द वापरत नाहीत, तुम्हीही वापरू नका. लहानपणी रोझमेरी भावंडांबरोबर पोहायची, होडी चालवायची. युनिसबाईंनी ते पाहिलं होतं. म्हणून अशा मुलांना खेळ जमत नाही, असं मोठे लोक म्हणत तेव्हा त्यांना ते पटत नसे.

१९६२ च्या उन्हाळ्यात त्यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घरच्याच आवारात अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. त्यातूनच पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिली 'स्पेशल ऑलिम्पिक्स' स्पर्धा झाली. अमेरिका आणि कॅनडातून सुमारे एक हजार खेळाडू आले होते. तिथले खेळाडू एक शपथ घेतात. तिचा अर्थ असा, की मला जिंकायचं आहे, पण जिंकता आलं नाही तर निदान धीराने झुंजता येऊ दे.

आता गंमत बघा. या स्पर्धेत कच्चं लिंबू नाही. मग सगळ्यांना सारखी संधी कशी मिळते? आधी प्रत्येकाची चाचणी होते. शंभर मीटर पळायला कुणाला पंधरा सेकंद लागतात, कुणाला पंचवीस. मग वय आणि वेग बघून जवळजवळ बरोबरीच्या खेळाडूंचे गट पाडतात. सांघिक खेळांत आधी छोटे सामने खेळवून संघाचा अंदाज घेतात आणि तुल्यबळ संघ एका गटात घालतात. त्यानंतर मात्र खरीखुरी स्पर्धा! पहिला तो पहिला, शेवटचा तो शेवटचा.

भारतातही हे काम 'स्पेशल ऑलिम्पिक्स भारत' ही संस्था करते. २०२३ च्या जून महिन्यात जर्मनीत बर्लिनला जागतिक उन्हाळी स्पर्धा झाली. त्यात आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली. त्यांत ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य! कुणी म्हणेल, गट जास्त म्हणून पदकं जास्त. असेल. पण कुस्तीतही वजनी गट असतातच की, तिथे कुणी हसत नाही.

या स्पर्धेत बोची नावाचा एक खेळ असतो. तुम्हाला तो चटकन समजेल, कारण तुम्ही गोट्या खेळता. एक छोटा चेंडू आधी पुढे टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी आपापले चार-चार मोठे चेंडू घरंगळत सोडायचे. ज्याचा चेंडू छोट्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. धावायला नको, धक्काबुक्की नाही, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. ज्यांना पळायला जमत नाही त्यांच्यासाठीही हा सांघिक खेळ होतो. आम्ही मैदानाच्या कडेला नारळाएवढ्या कापडी चेंडूंनी तो खेळून पाहिला. बोची काही तशी झाली नाही, पण पोरं हसून लोळली.

आणि आणखी एक युक्ती मला फार पटली. तिला 'युनिफाइड' खेळ म्हणतात, म्हणजे एकत्र खेळ. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात असतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावरच्या पाचांपैकी तिघे असे खेळाडू आणि दोघे त्यांचे जोडीदार. व्हॉलीबॉलमध्ये तीन आणि तीन. जोडीदारांनी सगळे चेंडू आपणच मारायचे नाहीत. तसं केलं तर तो संघ म्हणजे दोघांचाच झाला ना? हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या वर्गातल्या हुशार गड्यांना पळण्यापेक्षा थांबणंच अवघड गेलं.

स्पर्शाचं कोडं

तर आमच्या गड्याला पळायला छान जमत होतं. पण खो-खोत नुसतं पळून भागत नाही, बसावंही लागतं. आणि तिथेच घोडं अडलं.

विचार करा. तुम्ही पाटीवर उकिडवे बसला आहात. मागून कुणीतरी धावत येतं आणि तुमच्या पाठीवर थाप मारून कानाजवळ "खो!" असं ओरडतं. तुम्हाला त्यात काही वाटत नाही. पण ज्या मुलाला अचानक झालेला स्पर्श विंचू चावल्यासारखा वाटतो आणि मोठा आवाज कानात सुईसारखा जातो, त्याच्यासाठी जगातला सगळ्यांत अवघड खेळ म्हणजे खो-खो! पहिल्याच खोला तो किंचाळला आणि थेट कडुनिंबाखाली जाऊन बसला.

मी त्याच्या आईला बोलावलं. ती शेतावरून तशीच आली. म्हणाली, "बाई, त्याला हळू हात लावू नका. हळू लावला की झटकतो. घट्ट धरलं तर उलट शांत होतो. मी न्हाऊ घालताना दाबूनच पुसते त्याला." किती साधी गोष्ट! पुढे विशेष शिक्षिकाही म्हणाल्या, की बऱ्याच स्वमग्न मुलांना ओझरता स्पर्श सहन होत नाही, पण ठाम, दाबून केलेला स्पर्श चालतो. आणि तो येणार हे आधी कळलेलं असलं तर आणखी चांगलं.

मग मुलांनीच डोकं चालवलं. खो देणाऱ्याने येताना पाय जमिनीवर जोरात आपटत यायचं, म्हणजे त्याला आधी कळेल. थाप उजव्या खांद्यावरच, पूर्ण पंजाने, दाबून. आणि "खो" स्पष्ट म्हणायचं, पण कानात नाही. यात खो-खोचा एकही नियम मोडत नव्हता. आठवडाभर आम्ही हाच सराव केला. एक मुलगा त्याला नुसती थाप द्यायचा, दहा वेळा, वीस वेळा. पंधराव्या दिवशी आमचा गडी खो मिळताच ताडकन उठून धावला. दिशा बरोबर, मधली पाटी ओलांडली नाही, खांबाला वळसा घालून परत. नियम पाळायला त्याला शिकवावंच लागलं नाही.

शिट्टीचं काय? शिट्टी बंद. मी रुमाल हलवायचे. डाव किती वेळाचा, आज कोण आधी पळणार, हे फळ्यावर आधी लिहून ठेवायचं. आणि कडुनिंबाखालची एक जागा राखून ठेवली. नकोसं झालं की कुणीही तिथे पाच मिनिटं बसावं. आश्चर्य म्हणजे त्या जागी आमच्या गड्यापेक्षा इतरच जास्त बसू लागले.

वर्गात एक मुलगीही होती, अगदी उलट टोकाची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! अशा मुलांना अवधान टिकवणं आणि हालचाल आवरणं फार जड जातं. त्याला अतिचंचलता म्हणतात. तिला बसवलं की खो मिळायच्या आधीच उठून पळायची आणि फाऊल व्हायचा. मुलं चिडायची. मी तिला सांगितलं, "दोन्ही हात जमिनीला टेकव आणि खो देणाऱ्याच्या हाताकडेच बघ." शिवाय डाव तीन-तीन मिनिटांचे केले. फाऊल थांबले नाहीत, कमी झाले. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स, ज्याने ऑलिम्पिकमध्ये २३ सुवर्णपदकं मिळवली, त्यालाही लहानपणी अतिचंचलता असल्याचं निदान झालं होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, त्याला खो-खो येतो का?"

पालकांशी थोडं

हे पान आई-बाबाही वाचतात, म्हणून चार गोष्टी त्यांच्याशी. खेळाने स्वमग्नता जाते का, असं मला काही जण विचारतात. जात नाही. असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर सरळ घरी निघून या. खेळाने दम वाढतो, झोप लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय लागते, आणि मुलाला वर्गात हाक मारणारं कुणीतरी मिळतं. एवढं पुष्कळ झालं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे मणके सैल असतात. कोलांट्या, पाण्यात सूर मारणं, डोक्याने चेंडू उडवणं असलं काही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्या. फिट्स येणाऱ्या मुलाबद्दल शाळेला आधी सांगा, लपवू नका. आणि ज्यांची मुलं सगळ्यांत आधी निवडली जातात त्या पालकांनाही एक विनंती. "त्या मुलामुळे आमच्या मुलाचा संघ हरतो," असं फाटकात उभं राहून म्हणू नका. मुलं ऐकत असतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, स्वमग्नताही आहे, आणि खेळात भाग घेण्याबद्दलचं वेगळं कलम आहे. पण मैदानावर कायद्याचं पुस्तक घेऊन जायची वेळ कुणावर येऊ नये, असं आपलं मला वाटतं.

शेवटची चार मिनिटं

त्या दिवसांत मी मुलांना जेसन मॅकेलवेन याची गोष्ट सांगितली. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळचा हा स्वमग्न मुलगा. बास्केटबॉलचं वेड. पण चणीने लहान, त्यामुळे शाळेच्या संघात निवड झाली नाही. तो संघाचा मदतनीस झाला. पाणी देणं, टॉवेल देणं, खेळाडूंना ओरडून उत्साह देणं. १५ फेब्रुवारी २००६ रोजी मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला गणवेश दिला आणि सामना संपायला चार मिनिटं उरली असताना मैदानात उतरवलं. पहिले दोन नेम चुकले. मग जे सुरू झालं ते बघून प्रेक्षक खुर्च्यांवर उभे राहिले. चार मिनिटांत वीस गुण! त्यात सहा वेळा लांबून मारलेले तीन-तीन गुणांचे गोल.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ती चंचल मुलगी म्हणाली, "बाई, मग त्याला आधी का नाही घेतलं?"

मी गप्प. माझी नजर कडुनिंबाकडे गेली.

पाचवी विरुद्ध सहावी

जानेवारीत शाळेचं क्रीडासंमेलन झालं. पाचवी विरुद्ध सहावी, खो-खो, एकच डाव. सहावीचे गडी उंच आणि तयारीचे. आमच्या नऊ जणांत आमचा गडी आणि ती मुलगी, दोघंही होते. गावातली माणसं, आया, आजोबा सगळे भोवती उभे. सहावीचे गुरुजी पंच होते. त्यांनी शिट्टीऐवजी रुमाल वापरायचं कबूल केलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही आधी पाठलाग केला. सात गडी बाद! आमच्या गड्याने त्यात तीन खो दिले आणि एक गडी स्वतः टिपला. एकदा मात्र गर्दीतून कुणी फटाका फोडला. तो पाटीवर कान धरून बसला, खो मिळाला तरी उठला नाही, आणि सहावीचा एक गडी तेवढ्यात निसटला. मुलं काही बोलली नाहीत.

मग सहावीचा पाठलाग. आमच्या तीन-तीनच्या दोन तुकड्या बाद झाल्या, सहा गुण. शेवटच्या तुकडीत आमचा गडी, कॅप्टन मुलगी आणि आणखी एक जण. तो एक जण बाद झाला. सात-सात! वेळ उरला अर्धा मिनिट. दोघं टिकली तर बरोबरी. मैदानात नुसता आरडाओरडा. आमचा गडी खांबाजवळून वळला, सहावीच्या पोराने झेप घेतली आणि आपटला. पंचांनी मान हलवली, लागला नाही. आमची पोरं नाचायला लागली.

आणि आमचा गडी थांबला. शांतपणे रेषेबाहेर चालत आला. "हात लागला," तो म्हणाला. "बाद म्हणजे बाद."

आठ-सात. उरलेली वीस सेकंदं कॅप्टन टिकून राहिली, पण काय उपयोग? आम्ही एका गुणाने हरलो.

झेप घेतलेला मुलगा स्वतःच गोंधळला होता. मला म्हणाला, "बाई, लागला की नाही मलाच कळलं नाही." बोटाचं टोक शर्टाला पुसटसं लागलं असेल. पंचांना दिसलं नाही, मारणाऱ्याला कळलं नाही. पण पुसटसा स्पर्श ज्याला सगळ्यांत जास्त जाणवतो, तो मुलगा नेमका तिथे होता.

वर्गात परतल्यावर पोरं रडकुंडीला आली होती. "बाई, कुणी बघितलं नव्हतं! गप्प बसला असता तर?" एकाने दप्तर आपटलं. त्यांना काय सांगावं मला कळेना. खोटं बोलायला हवं होतं, असं तर म्हणता येत नाही. आणि 'शाब्बास' म्हणावं तर पस्तीस जणांची मेहनत डोळ्यांसमोर. मी फळा पुसत उभी राहिले. फळा कोराच होता.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन माझ्याकडे आली. "बाई, आम्ही ठरवलंय. त्याला पंच करू या. तो खोटं बोलतच नाही, भांडणंच होणार नाहीत." मला कल्पना एकदम आवडली. हो म्हणणारच होते, आणि जीभ चावली. पुन्हा कडुनिंब! पुन्हा आम्ही त्याच्यासाठी मैदानाबाहेरची एक छानशी जागा शोधून काढली होती. म्हटलं, आधी त्याला विचार.

तिने विचारलं. त्याने खूप वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "पंच उभा राहतो. मला पळायचंय."

कॅप्टनने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली, "पण शर्ट आत खोचून पळ."

आता ती सगळी सातवीत आहेत. माझा वर्ग नाही, पण खेळाचा तास मीच घेते. आमचा गडी अजून शर्ट खोचूनच पळतो, आणि हात लागला की अजूनही स्वतःच बाहेर येतो. सहावीची नवी पोरं सुरुवातीला हसली, मग त्यांच्यातलेही दोघे-तिघे तसं करायला लागले, बाकीचे नाही करत. चपला राखायला आता पाळ्या लावल्या आहेत, हजेरी क्रमांकाप्रमाणे. यादी त्याने केली. छत्तीसावा क्रमांक त्याने मला दिलाय. गेल्या बुधवारी माझी पाळी होती.